ऑनलाइन दुकानात बिटकॉइन घ्यायचंय? आधी वही उघडा, मग वॉलेट

आमचं दुकान वाकळांचं. आई आणि गल्लीतल्या चार बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवतात, मी अंबाजोगाईत बसून त्या वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान मांडायचं सॉफ्टवेअर) साइटवर विकतो. दीड वर्षापूर्वी बर्लिनला नोकरी करणाऱ्या नांदेडच्या एका पोराचा मेसेज आला, "दादा, बिटकॉइन घेता का?" मी "घेतो की" म्हणून मोकळा झालो आणि मग ते कसं घेतात हे शोधायला बसलो. तीन महिने गेले त्यात. गंमत म्हणजे त्या पोराकडून मी शेवटी बिटकॉइन घेतलंच नाही. का, ते पुढे दुसऱ्या पायरीत येईल.

तुम्हाला तीन महिने घालवायला लागू नयेत म्हणून हे लिहितोय. हे सल्लापत्र नाही. सीएची जागा हे घेणार नाही. पण सीएकडे जाताना काय विचारायचं, एवढं तरी कळेल.

घरी हा विषय काढताना जरा जपून. आपल्या भागात 'बिटकॉइन' म्हटलं की लोकांना 'गेनबिटकॉइन' आठवतं. महिन्याला १० टक्के परतावा असं गाजर दाखवून लोकांना बुडवलं, त्याचे गुन्हे पुण्यासारखेच नांदेडलाही नोंदले गेले. माझा मामा तर चहाचा कप खाली ठेवून उठलाच होता. तेव्हा स्पष्ट सांगा: आपण कुठं पैसे गुंतवत नाही, आपण माल विकतोय.

लागणारं सामान

- पॅन, आधार, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, असेल तर जीएसटी क्रमांक
- दुकानासाठी वेगळं बँक खातं. घरच्या खात्यात हे मिसळू नका, कारण आठव्या पायरीत आहे
- भारतातल्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो विकून रुपये करून देणाऱ्या कंपनीकडे, केवायसी झालेलं खातं. ते एक्स्चेंज एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेलं हवं. मार्च २०२३ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे
- एक लॅपटॉप, ज्यावर पोरं गेम डाउनलोड करत नाहीत
- वूकॉमर्सची साइट, आणि बीटीसीपे सर्व्हर (बिटकॉइन घ्यायचं सॉफ्टवेअर, पाचव्या पायरीत येईल) चालवायला भाड्याचा सर्व्हर: किमान २ जीबी रॅम, ८० जीबी जागा
- जाड कागद, बॉलपेन आणि एक कोरी वही

१. गरज आहे का, ते आधी बघा

तुमचं गिऱ्हाईक लातूर, परभणी, पुण्यातलं असेल तर त्याच्याकडे यूपीआय आहे. फुकट आहे, लगेच होतं, वर साउंडबॉक्स ओरडून सांगतो. बिटकॉइन किंवा तसल्याच दुसऱ्या क्रिप्टोने पैसे देणाऱ्याला मात्र स्वतःच्या अंगावर कर ओढून घ्यावा लागतो, कारण वाकळ घेण्यासाठी बिटकॉइन देणं म्हणजे कायद्याच्या नजरेत बिटकॉइन विकणंच. हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीत नसतं.

मला वर्षभरात क्रिप्टोच्या अकरा ऑर्डरी आल्या. बहुतेक बाहेरच्यांची कामं करून क्रिप्टोत मोबदला घेणारी तरुण पोरं. तेवढ्यासाठी एवढा उपद्व्याप करावा का? मला शिकायचं होतं म्हणून केला. धंदा वाढेल या आशेने करणार असाल तर थांबा, आणि तो वेळ फोटो चांगले काढण्यात घाला.

२. कायदा काय म्हणतो, हे समजून घ्या

ही पायरी लांब आहे. कंटाळा आला तरी वाचा, कारण बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर दोन-तीन हजार जातील. ही चुकली तर नोटीस येईल.

भारतात क्रिप्टो बाळगायला, विकायला बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते रद्द केलं. तरी शाखेत गेल्यावर एखादा अधिकारी तेच जुनं परिपत्रक सांगेल. वाद घालू नका, निकालाची तारीख सांगा.

चलन नाही म्हणजे काय? बोहारणीला जुनी लुगडी देऊन आपण पातेलं घेतो, तसा हा सौदा आहे. गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देत नाही, एक वस्तू देतं. कायद्यात त्या वस्तूचं नाव आहे व्हर्च्युअल डिजिटल अ‍ॅसेट, म्हणजे व्हीडीए. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप उलगडतं:

*विक्री.* बिल रुपयांतच करायचं. जीएसटी तुमच्या मालाचा जो दर असेल तोच, मालाच्या बाजारभावावर. बिटकॉइन आलं म्हणून त्यात फरक पडत नाही. विक्रीचा नफा तुमच्या धंद्याच्या उत्पन्नात.

*नंतर ते क्रिप्टो विकलं तर.* त्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर, १ एप्रिल २०२२ पासून. जुन्या कायद्यातलं कलम ११५बीबीएच. समजा ४,२०० रुपयांची वाकळ विकली, त्या क्षणी ४,२०० रुपयांचं बिटकॉइन आलं. आठवड्याने ते ४,५०० ला विकलं. वरच्या ३०० वर ९० रुपये कर आणि ३ रुपये ६० पैसे उपकर. पण ३,९०० लाच विकलं गेलं तर? तो ३०० चा तोटा तुमचा. तो दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही, दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनही नाही, आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला तर निदान वर्षाच्या हिशेबात तो दिसतो. इथं तसं नाही.

*टीडीएस.* हा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. १ जुलै २०२२ पासून व्हीडीए घेणाऱ्याने देणाऱ्याच्या नावावर १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच कापायचा कर, भरायचा असतो, जुन्या कायद्यातलं कलम १९४एस. वाकळेच्या सौद्यात व्हीडीए घेणारे कोण? तुम्ही! आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असलेल्या व्यक्तीला किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाला वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत सूट आहे, बाकीच्यांना १०,००० पर्यंत. मी सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून बेरीज धरतो आणि ती ४५,००० वर गेली की साइटवरचं बिटकॉइनचं बटण मार्चअखेरपर्यंत बंद करून टाकतो. भित्रेपणा म्हणा. पण माल हातात, पैसे वस्तूच्या रूपात, आणि टीडीएस मात्र रोख भरायचा, हे गणित मला झेपणारं नाही.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. सीएंना जुना क्रमांक सांगितला तरी कळतं.

*परदेशी गिऱ्हाईक.* आता बर्लिनचा पोरगा. मला वाटत होतं, क्रिप्टोचा खरा उपयोग इथंच: कमिशन नाही, चार दिवस थांबणं नाही. पण माल देशाबाहेर गेला की ती निर्यात होते, आणि निर्यातीचे पैसे फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अधिकृत बँकेमार्फतच यावे लागतात. वॉलेटमध्ये (बिटकॉइन सांभाळायचं सॉफ्टवेअर) आलेलं बिटकॉइन बँकेच्या लेखी आलेलंच नसतं. पार्सल गेल्याची नोंद राहते, पैसे आल्याची नाही, आणि त्या निर्यातीचा हिशेब उघडाच राहतो. म्हणजे जिथं क्रिप्टो सगळ्यात कामाचं वाटतं, नेमकं तिथंच घेता येत नाही. त्याला तसं सांगितलं. त्याने युरो बँकेतून पाठवले. दिवस लागले, कमिशनही गेलं. पण पावती माझ्या फाइलला आहे.

३. सीए आणि पेमेंट गेटवे

सीएंना तीन प्रश्न विचारा: आलेल्या क्रिप्टोची किंमत कुठल्या वेळेच्या भावाने धरायची, टीडीएसची बेरीज कशी मोजायची, आणि रिटर्नमधलं व्हीडीएचं परिशिष्ट तुम्ही भरता का. तिसऱ्या प्रश्नावर ते गप्प झाले तर दुसरे सीए बघा. माझे पहिले सीए म्हणाले होते, "अहो, एवढ्या किरकोळीचं कोण बघतंय?" एक्स्चेंजने कापलेला टीडीएस आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-विवरणात दिसतो. बघणारा बघतो.

साइटवर कार्ड-यूपीआयसाठी जो गेटवे आहे त्याच्या अटीही वाचा. बऱ्याच भारतीय गेटवेंच्या वर्ज्य यादीत क्रिप्टो असतं. आधी मेल टाकून लेखी उत्तर घ्या, नाहीतर एका बटणापायी यूपीआय बंद पडायचं.

४. वॉलेट तयार करणं

मी लॅपटॉपवर इलेक्ट्रम नावाचं बिटकॉइन वॉलेट वापरतो. ते त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये जाहिरात म्हणून वर दिसणारी लिंक दाबू नका, नकली इलेक्ट्रम खूप फिरतात.

वॉलेट बनवताना इंग्रजी शब्दांची एक माळ मिळते, बहुतेक १२ शब्दांची. तो सीड. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचं बिटकॉइन. कागदावर पेनाने लिहा, दोन प्रती करा, दोन घरांत ठेवा. फोटो नको, व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं नको. माझी एक प्रत आईच्या पत्र्याच्या पेटीत, सोसायटीच्या पासबुकात आहे.

पैसे यायच्या आधी एक परीक्षा घ्या: वॉलेट पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. माझा एक शब्द चुकीचा लिहिलेला निघाला. तेव्हा वॉलेट रिकामं होतं म्हणून हसलो.

५. दुकानाला जोडणं

बीटीसीपे सर्व्हर हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. मधला दलाल नाही, गिऱ्हाइकाचं बिटकॉइन थेट तुमच्या वॉलेटात. सर्व्हरवर चढवल्यावर पहिल्यांदा बिटकॉइनच्या व्यवहारांची सगळी साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. बिघडलंय समजून परत परत चालू-बंद करू नका. मी तीनदा केलं.

मग स्टोअर उघडा आणि वॉलेट जोडताना 'आधीचं वॉलेट' हा पर्याय घेऊन इलेक्ट्रममधली मास्टर पब्लिक की टाका, लोक तिला एक्सपब म्हणतात. तिच्यामुळे सर्व्हर नवे नवे पत्ते बनवू शकतो, पण पैसे काढू शकत नाही. सीडचे शब्द सर्व्हरवर कधीही टाकायचे नाहीत. त्यानंतर वर्डप्रेसमध्ये बीटीसीपेचं वूकॉमर्स प्लगइन, दोन्हीकडची चावी जुळवली की झालं. एवढं काम एका दुपारचं.

तीन सेटिंगा बघून ठेवा:

- किती कन्फर्मेशनला बिल 'चुकतं' धरायचं: व्यवहार साखळीतल्या एका ब्लॉकमध्ये नोंदला गेला की एक कन्फर्मेशन, आणि बिटकॉइनचा एक ब्लॉक साधारण १० मिनिटांचा. मी १ ठेवलंय, कारण पार्सल तसंही दुसऱ्या दिवशी निघतं. मोठी रक्कम असेल तर ६ ठेवा, म्हणजे तासभर.
- थोडे कमी आले तर चालवून घ्यायची टक्केवारी: मी २.
- किमान ऑर्डर: मी १,५०० च्या खाली बिटकॉइन दाखवतच नाही. नेटवर्कची फी रकमेवर ठरत नाही, गर्दीवर ठरते. ३०० च्या पिशवीला ती परवडत नाही.

लाइटनिंगबद्दल, म्हणजे बिटकॉइन झटपट पाठवायच्या वेगळ्या जाळ्याबद्दल, कोणी सांगेल. चांगलं आहे, पण चॅनेल सांभाळावे लागतात. पहिल्या वर्षी नको.

६. स्वतःच गिऱ्हाईक होऊन बघा

मित्राच्या फोनवरून एक खरी ऑर्डर टाका, खरे पैसे पाठवा. बिल १५ मिनिटांत मुदतबाह्य होतं, कारण भाव तेवढाच वेळ धरून ठेवलेला असतो. मुदत संपल्यावर पाठवलेले पैसे येतात, पण ऑर्डर 'रद्द' दिसते. ते कसं दिसतं हे गिऱ्हाईक ओरडायच्या आधी बघून घ्या.

आणि एक खाच, जी मला कुणीच सांगितली नव्हती. प्रत्येक बिलाला नवा पत्ता लागतो. लोक बटण दाबून बघतात आणि निघून जातात, तेवढे पत्ते वाया. इलेक्ट्रम ओळीने २० रिकामे पत्ते बघतं आणि तिथंच थांबतं. माझ्याकडे दिवाळीत नुसते बघे खूप आले; नंतर एकाने खरंच पैसे दिले, बीटीसीपे म्हणतंय आले, इलेक्ट्रम म्हणतंय शून्य. एक अख्खी रात्र घाम फुटला होता. पैसे कुठं गेले नव्हते. इलेक्ट्रममध्ये ती २० ची मर्यादा, गॅप लिमिट, वाढवली की दिसायला लागले. तुम्ही सुरुवातीलाच २०० करून ठेवा.

७. ऑर्डर आल्यावर

पहिली खरी ऑर्डर उदगीरची, ३,६०० ची. संध्याकाळची वेळ, आई ओसरीवर धावदोरा घालत बसलेली. मी म्हटलं, "आई, आले पैसे." तिने सुई थांबवली. "वाजलं कुठं?" साउंडबॉक्सचा आवाज आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत, एवढा साधा तिचा हिशेब. आणि खरंच पूर्ण आलेच नव्हते. गिऱ्हाइकाने एक्स्चेंजवरून थेट पाठवलं होतं, एक्स्चेंजने आपली फी त्यातूनच कापली, माझ्याकडे आले ३,४१० चे. त्याने उरलेले १९० यूपीआयने टाकले आणि एका बिलाला दोन नोंदी झाल्या. आता चेकआउटवरच लिहिलंय: "फी वेगळी धरून पूर्ण रक्कम पाठवा."

बाकी सापळे भराभर सांगतो:

- स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या वॉलेटात किंवा बिटकॉइनचे व्यवहार दाखवणाऱ्या मेमपूल डॉट स्पेस या साइटवर व्यवहार दिसला आणि कन्फर्म झाला, मगच पार्सल.
- कुणाला पत्ता चिकटवून पाठवला तर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत.
- माल परत आला तर ज्या पत्त्यावरून पैसे आले तिथं परत पाठवू नका. तो एक्स्चेंजचा सामाईक पत्ता असू शकतो. परतावा बिलावरच्या रुपयांतच आणि यूपीआयने, हे धोरणात आधीच लिहा. नाहीतर भाव चढल्यावर तो म्हणणार, "मला माझं बिटकॉइन द्या."
- यूएसडीटी नावाचं दुसरं क्रिप्टो घ्यायचा मोह होतो, कारण त्याचा भाव डॉलरशी बांधलेला. पण तो अनेक नेटवर्कांवर धावतो. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते दिसायला सारखेच, दोन्ही शून्य-एक्सने सुरू होतात. माझ्या ओळखीच्या एका गिऱ्हाइकाने माझ्या एक्स्चेंजच्या इथेरियमच्या पत्त्यावर दुसऱ्याच नेटवर्कवरून पाठवले. २,९०० रुपयांचे यूएसडीटी अजून तिथंच लटकलेत. वाकळ मी दिली, काय करणार. साइटवर आता फक्त बिटकॉइन.

८. रुपये करणं

शक्यतो त्याच दिवशी विका. भाव चढेल म्हणून थांबलात की तुम्ही दुकानदार राहिला नाहीत. एक्स्चेंजवर ठेवूनही देऊ नका. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपासची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे अडकून पडले. पाठवा, विका, आपल्या नावाच्या बँक खात्यात काढा. फीवर १८ टक्के जीएसटी आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जाईल. तो टीडीएस रिटर्नमध्ये परत मागता येतो.

अनोळखी माणसाला थेट विकणं, ज्याला पीटूपी म्हणतात, ते मात्र करू नका. परभणीच्या माझ्या चुलतभावाने टेलिग्रामवर भेटलेल्या एकाला यूएसडीटी विकले, का तर डॉलरमागे दोन रुपये जास्त मिळत होते. पैसे लगेच आले. तीन आठवड्यांनी किराण्याच्या दुकानात फोन लावला तर पेमेंट होईना. बँकेत गेल्यावर कळलं, खात्यावर लियन आहे, म्हणजे पैसे अडवून ठेवलेत. ज्याने पैसे पाठवले होते त्याने ते दुसऱ्याच राज्यातल्या कुणाला तरी फसवून मिळवले होते. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशांचा माग काढत पोलीस माझ्या भावाच्या खात्यापर्यंत आले. फसवणूक त्याने केली नव्हती, पण ते सिद्ध करायला सौद्याचे मेसेज, वॉलेटची नोंद, ओळखपत्रं घेऊन चार महिने पत्रव्यवहार करावा लागला. त्यात पोराची शाळेची फी त्याच खात्यात. म्हणून वर म्हटलं, वेगळं खातं.

तुम्ही हे शिकलात हे कळलं की गावातलं कुणीतरी येईलच: "दादा, माझे तेवढे तुझ्या खात्यावरून विकून दे ना." नाही म्हणा. पाहुणा असला तरी.

९. वही

आडत्याची पट्टी असते ना, तशी प्रत्येक ऑर्डरची एक ओळ. माझ्या वहीतली एक अशी: तारीख आणि वेळ, बिल क्रमांक, गिऱ्हाइकाचं नाव आणि पॅन, रुपयांतली किंमत ३,६००, आलेले सातोशी (१ बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी), त्या क्षणाचा भाव, व्यवहाराचा आयडी, विकल्याची तारीख, हातात आलेले रुपये, कापलेला टीडीएस, फरक. पॅन मागितला की काही जण ऑर्डर सोडून जातात. जाऊ द्या.

भाव नंतर शोधत बसू नका. बीटीसीपेमधून महिन्याच्या महिन्याला यादी काढा, छापा, बिलाला टाचा. आणि सीएंची फी आधीच ठरवून घ्या. माझ्या अकरा ऑर्डरींच्या परिशिष्टासाठी त्यांनी जे वेगळे पैसे लावले, त्यात एक अख्खी वाकळ गेली.